माळ्यावरच्या डब्यातले परदेशी चाकू: खरे कुठले, किंमत काय? मदत हवी आहे

कातळशिल्प

नमस्कार मंडळी,

गणपतीआधी रत्नागिरीकडच्या गावच्या घराचा माळा साफ करताना बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात चार घडीचे चाकू सापडले. चारही परदेशी बनावटीचे. आमच्या घरात अशा गोष्टी यायचं कारण म्हणजे आईचे मामा बोटीवर होते, आणि त्यांच्या आधी आजोबांना इंग्रजी वस्तूंचा भारी सोस. पुण्यातल्या जुन्या बाजारातला एक ओळखीचा विक्रेता चारांचे मिळून पाच हजार देतो म्हणतोय. शिंगाच्या मुठीच्या चाकूवर त्याचा डोळा आहे. बाकीचे तीन "असेच घेईन" म्हणाला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. वर्णन देतो.

चाकू १. आजोबांचा. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. एक मोठं आणि एक बारकं अशी दोन पाती. मूठ तपकिरी, खडबडीत, शिंगाची वाटते. मोठ्या पात्याच्या बुडाशी भिंगातून पाहिलं तर एक तारा, एक क्रॉस, मग जी, मुकुट, आर, आणि खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी, शेफील्ड, इंग्लंड. पातं निळसर काळपट पडलंय.

चाकू २. लाल, पांढऱ्या क्रॉसचा, कात्री-स्क्रूड्रायव्हरसकट अकरा भानगडी असलेला. मामा सांगायचे, बोट जिनिव्हाला लागली होती तेव्हा घेतला.

चाकू ३. वडिलांचा कलमं बांधायचा. लाकडी मूठ, जाड सरळ पातं, त्यावर टीना आणि जर्मनी. मूठ हाताच्या घामाने काळी झालीय.

चाकू ४. दिसायला सगळ्यात देखणा. पिवळसर गुळगुळीत मूठ, हस्तिदंती असावी. पात्यावर मधोमध मोठ्या अक्षरात सोलिंगेन, दुसरं काही नाही. पण सगळ्यात जास्त गंज यालाच.

प्रश्न: खरे कुठले? किंमत काय धरायची? आणि साफ कसे करायचे? एक गोष्ट कबूल करतो. मी बाजारात गेलो असताना भाच्याने चाकू १ चं बारकं पातं पॉलिश पेपरने घासून चकाचक केलं. मोठं पातं हाती घेणार तेवढ्यात मी पोचलो.

हडपसरचा_बंड्या

भाच्याला शाबासकी द्या. मोठं पातंही ब्रासो मारून आरशासारखं करा, गिऱ्हाईक दुप्पट देईल. आणि हस्तिदंत आहे का बघायला सुई लाल करून मुठीला टोचा. प्लॅस्टिक असेल तर वितळेल. सोपं.

गंजलेला_खिळा

कातळ, बंड्याचं काहीही ऐकू नका! सुई तर अजिबात नको. ती मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची, असण्याची दाट शक्यता आहे, आणि सेल्युलॉइड तापल्या सुईने वितळत बसत नाही, भडकतं. अंगठ्याने मूठ जोरात चोळा, गरम झाली की वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. हस्तिदंत असेल तर मुठीच्या टोकाशी एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाड असेल तर काळे बारीक ठिपके किंवा चिरा दिसतात. भिंग आहेच तुमच्याकडे.

आता एकेक घेऊ. मी वीसेक वर्षं हे जमवतो, त्यामुळे लांबण लागेल.

चाकू १ बद्दल तुम्ही लिहिलंय ते सगळं जुळतं. तारा आणि माल्टीज क्रॉस ही रॉजर्सची १८व्या शतकापासूनची खूण. राजघराण्याचे कटलर (चाकू-सुऱ्या बनवणारे) ही पदवी त्यांना १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जच्या वेळी मिळाली. काळ ठरवायला ही पदवीच कामाला येते. व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती, तेव्हा "हर मॅजेस्टी" असायचं. तुमच्याकडे "हिज" आहे आणि मुकुटाच्या दोन बाजूंना जी-आर (जॉर्ज रेक्स, राजा जॉर्ज), म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज. थोडक्यात १९१० ते १९५२. आजोबांच्या मास्तरकीशी जुळतंय का बघा. "स्टेनलेस" लिहिलेलं नाही हेही ठीकच. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद १९१३ मध्ये काढलं, आणि नंतरही जुन्या वळणाची गिऱ्हाइकं साधंच पोलाद मागायची.

एकच खबरदारी. या नावाच्या नकला भरपूर झाल्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी आहे का बघा. डी नसलेले "रॉजर्स" ढिगाने सापडतात.

पण शिक्का खरा म्हणजे चाकू चांगला, असं नाही. शिक्का फक्त कुठून आला ते सांगतो. पोलादाला पाणी कसं दिलंय आणि घडीची जुळणी कशी आहे, ते चाकू हातात घेतल्यावरच कळतं. असं करा. पातं हळू उघडा. आधी स्प्रिंग विरोध करेल, काही चाकूंत अर्ध्यावर जाऊन जरा थांबेल, मग टक् करून सरळ होईल. मिटताना शेवटच्या बोटभर अंतरात पातं आपणहून खट्ट आत गेलं पाहिजे. ढिम्म सरकत असेल तर स्प्रिंग मेलीय. उघड्या पात्याला चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, हललं नाही पाहिजे. मिटलेला चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि पितळी पट्टी यांच्यात उजेडाची रेघ दिसली तर जुळणी सुमार. आणि मिटल्यावर पात्याचं टोक मुठीच्या बाहेर डोकावतंय का? डोकावत असेल तर कुणीतरी धार लावलावून पातं खाल्लंय.

भाच्याने केलं ते झालं. पण मोठ्या पात्याला हात लावू देऊ नका. ती निळसर काळी झाक म्हणजे कार्बन पोलादावर वर्षानुवर्षं चढलेला थर आहे. लाल गंज वेगळा, तो खातो, हा उलट सांभाळतो. जमवणारा माणूस त्या थराचे आणि शिक्क्याच्या स्पष्ट कडांचे पैसे देतो. ब्रासोने दोन्ही जातात. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सांध्यात सोडा, दहा वेळा उघडमीट करा, काळा चिखल बाहेर येईल तो फडक्याने पुसा. एवढंच. खोबरेल वापरू नका, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकटा होऊन बसतं.

सह्यभटक्या

एक बाळबोध शंका. बोट जिनिव्हाला कशी लागली? तिथे समुद्र कुठंय?

कातळशिल्प

@सह्यभटक्या: अरे देवा. पन्नास वर्षं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

@गंजलेला_खिळा: स्पेलिंगमध्ये डी आहे! टक् आणि खट्ट दोन्ही आहे, हलत नाही. उजेडाची रेघ मात्र बारक्या पात्याच्या बाजूला किंचित दिसते. चाकू ४ ची मूठ चोळली. कापराचा वास आला, चांगला देवघरासारखा.

गंजलेला_खिळा

मग आज रात्रीच चाकू ४ त्या डब्यातून बाहेर काढा. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. सगळ्यात जास्त गंज यालाच का, त्याचं हे उत्तर. बंद डब्यात शेजाऱ्यांनाही तो बाधतो. माझे तीन चांगले चाकू मी असेच घालवलेत, एका फुकट मिळालेल्या चकचकीत चाकूच्या संगतीने.

आणि नुसतं "सोलिंगेन" पाहून भुलू नका. सोलिंगेन हे कंपनीचं नाव नाही, गावाचं आहे. त्या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, मुख्य काम त्या भागात झालं असेल तरच ते लावता येतं. पण जर्मन कायदा जगभरच्या गल्लीबोळांत थोडाच चालतो? खरा सोलिंगेनवाला गावाबरोबर स्वतःचं नाव किंवा खूण टाकतो, पात्याच्या बुडाशी, बारीक. तिथल्या बोकर कंपनीची झाडाची खूण बघा. गावाचं नाव मोठं आणि बनवणाऱ्याचा पत्ताच नाही, तिथे मी हात आखडता घेतो. चाकू ४ ची किंमत माझ्या लेखी शून्याच्या आसपास.

वकिली_चष्मा

विक्रीआधी एक थांबा. चाकू १ ची मूठ खरंच सांबरशिंगाची असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आहेत, आणि "आजोबांचा आहे हो" हे उत्तर पुरत नाही. हस्तिदंताचं तर नावच काढू नका, आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालाय. तो विक्रेता नेमका शिंगाच्याच चाकूवर का टपलाय याचा विचार करा. आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

शस्त्र कायद्याची भीती मात्र नको. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवान्याचा प्रश्न येतो, तोही घरगुती किंवा शेतीच्या कामाची हत्यारं वगळून. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंची गोष्ट वेगळी. दिल्लीत त्यांच्यावर १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे. तुमच्या चारांत तसला नाही, ठीक. विमानात मात्र यातला एकही हातातल्या सामानात चालणार नाही.

गंजलेला_खिळा

चष्मा +१. शिंगाचं राहूनच गेलं होतं. यातली गंमत अशी की शेफील्डच्या मुठींना लागणारं सांबरशिंग मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातूनच जायचं. म्हणजे आपल्याकडचं सांबर विलायतेला जाऊन मूठ होऊन रत्नागिरीत परत आलं! खात्री करायची तर मुठीच्या टोकाकडून बघा, कडेला स्पंजासारखा सच्छिद्र गाभा दिसला तर शिंग. खाचा पाडलेल्या हाडालाही लोक शिंग म्हणतात.

आता लाल चाकू. पुढचं नीट तपासून लिहा. मोठ्या पात्याच्या बुडाशी काय लिहिलंय? क्रॉस ढालीत आहे की गोल कोपऱ्यांच्या चौकोनात? ढाल असेल तर इबाख गावचं व्हिक्टोरिनॉक्स, चौकोन असेल तर देलेमाँ गावचं वेंगर, दोन्ही स्विस कंपन्या. दोघं शंभरेक वर्षं स्विस सैन्याला पुरवठा करत होते, २००५ मध्ये पहिल्याने दुसऱ्याला विकत घेतलं. मोठ्या मॉडेलवरचा क्रॉस धातूचा, मुठीत बसवलेला असतो. नखाने खरवडून निघत असेल तर संपलं. कात्रीने एकेरी टिश्यू पेपर कापून बघा. चिमटा आणि दातकोरणं जागेवर घट्ट बसतात का? तिथेही टक्-खट्ट लागू आहेच, आणि अकराच्या अकरा भानगडींना लागू आहे.

अवांतर: स्विस सैन्याला १८९१ मध्ये पहिले सैनिकी चाकू पुरवले ते सोलिंगेनच्या एका जर्मन कारखान्याने, कारण एवढी मोठी ऑर्डर पुरी करायची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडात नव्हती. व्हिक्टोरिनॉक्सचे कार्ल एल्सेनर त्याच वर्षी त्या खटपटीला लागले. म्हणजे "स्विस चाकू" हाही आधी परदेशी बनावटीचाच.

स्टुटगार्टची_सून

चाकू ३ बद्दल कुणीच काही बोलत नाहीये म्हणून मी लिहिते. टीनाचा कारखाना आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, रॉयटलिंगनला. आमच्या शेजारी सफरचंदाची बाग असलेले एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे हाच आहे आणि ते तो बायकोलासुद्धा भाजी चिरायला देत नाहीत! चाकू नवा घ्यायचा तर इथेही स्वस्त नाही, तिकडे मागवला तर कस्टम धरून चांगले काही हजार जातील. तुमचा विक्रेता "असेच घेईन" म्हणाला त्यात हाही होता ना?

दापोलीचा_माळी

ताईंनी बरोबर ओळखलं. माझी रोपवाटिका आहे, पावसाळ्यात दिवसाला दोन-अडीचशे कोय कलमं बांधतो. देशी चाकू, चिनी चाकू, स्विस चाकू सगळं वापरून झालंय.

कलमाच्या चाकूचं पातं हातात घेऊन धारेकडून बघा. एक बाजू सपाट पाटीसारखी, उतार फक्त दुसऱ्या बाजूला. सपाट बाजू लाकडाला टेकून सरकते म्हणून काप सरळ जातो. काडीची (वर बांधायच्या फांदीची) पाचर आणि खुंटाचा (खालच्या रोपाचा) काप एकमेकांवर ठेवल्यावर मधे केसही जाता कामा नये. फट राहिली की कलम आठ दिवसांत माना टाकतं. दोन्हीकडून उतार असलेल्या चाकूने काप खोलगट येतो, कितीही धार असली तरी.

म्हणून धारवाल्याच्या चाकावर हा चाकू देऊ नका. तो दोन्ही बाजू घासून देईल आणि चाकू मेला. बारीक दगडावर उताराची बाजू घासा, सपाट बाजू फक्त शेवटी दोनदा टेकवा, कंगोरा काढण्यापुरती. धार आली का ते अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघायचं. नखात रुतली तर आली, घसरली तर नाही.

वडील उजव्या हाताचे होते ना? डावऱ्याचा चाकू उलट येतो, तुम्हाला विकत घेणारा त्याप्रमाणे मिळाला पाहिजे. मी चाकूची किंमत एकाच हिशोबाने करतो. सकाळी लावलेली धार किती कलमं टिकते? माझा जुना स्विस साठ-सत्तर कलमांना पुरतो. स्वस्तातला चिनी घेतला होता, तो वीसाला दमला. टीना मी एकदाच वापरलाय, दापोलीला विद्यापीठातल्या एका सरांचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दगडाची आठवण झाली नाही. विकणार असाल तर आधी मला विचारा, हे स्वार्थाने लिहितोय.

सह्यभटक्या

पण आता चिनी सगळे टुकार, असं राहिलं नाही हां. मी ट्रेकला जो वापरतो तो चिनीच आहे, बॉल बेअरिंगवर उघडतो, जुळणी अशी की उजेडाची रेघ शोधून सापडत नाही. एकाच अमेरिकन कंपनीचे चाकू कोलोरॅडोतही बनतात, जपानच्या सेकीतही आणि तैवानच्या ताइचुंगलाही. आणि ताइचुंगवाल्यांची सफाई बघून लोक तोंडात बोटं घालतात. देश बघून किंमत ठरवायचे दिवस गेले.

गंजलेला_खिळा

मान्य, पण अर्धंच. देशाने दर्जा ठरत नाही. जुन्या चाकूची किंमत मात्र देशाने, शिक्क्याने, काळाने ठरते. कातळचे दोन प्रश्न वेगळे आहेत, ते आपण सगळे एकत्र कालवतोय. दर्जा बघायचा तर पुठ्ठ्याच्या पंचवीसेक पट्ट्या कापा आणि मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. न अडखळता गेला तर पाणी चांगलं दिलंय. किंमत बघायची तर लिलावाच्या साइटवर तोच शिक्का, तीच लांबी, तीच मूठ शोधा. "मागितलेली" किंमत सोडून द्या, कुणीही काहीही मागतो. "विकला गेला" असं गाळून बघा, त्यातही पातं न झिजलेले आणि न घासलेले वेगळे काढा. झिजलेल्या पात्याला निम्मीही येत नाही.

हडपसरचा_बंड्या

माझा सल्ला मागे. पण मला एक साधा नवा परदेशी चाकू घ्यायचाय, फळं कापायला. हजार-दोन हजारांत काय बघू?

सह्यभटक्या

बंड्या, ओपिनेल घे, फ्रान्सचा, आठ नंबर. लाकडी दांडा, एक पातं, एक फिरतं कडं, बस. १८९० पासून तीच घडण, कुलपाचं कडं तेवढं १९५५ मध्ये आलं. फक्त स्टेनलेसवाला घे, कार्बनवाल्यावर आंबा कापलास तर पातं काळं पडतं आणि फोडीला लोखंडाची चव येते. आणखी एक. आपल्याकडच्या पावसाळ्यात दांडा फुगतो आणि पातं बाहेर यायला नाही म्हणतं. दांड्याचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं टोक बाहेर काढतं. फ्रान्समधल्या त्या डोंगराळ मुलखातले लोकही तेच करतात म्हणे.

कातळशिल्प

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत बरंच घडलं.

लाल चाकू: बुडाशी "स्टेनलेस" एवढंच लिहिलंय. क्रॉस नखाने निघाला. कात्रीने टिश्यू पेपर चावला, कापला नाही. मामांना फोन लावला, ते आता ८१ वर्षांचे आहेत. विचारलं, मामा, जिनिव्हाला बंदर आहे का? बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "अरे, सुट्टीवर येताना तुझ्या आईला काही घ्यायचं राहिलं होतं. धक्क्यावर उतरल्यावर घेतला." आई शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, मला तेव्हाच ठाऊक होतं, त्याच्या पिशवीत मुंबईच्या दुकानाचा कागद होता.

शिंगाच्या चाकूला टोकाकडून पाहिलं, सच्छिद्र गाभा आहे. तो विकत नाही. वनखात्यात विचारायला पुढच्या आठवड्यात जातोय, काय सांगतात ते इथे लिहीन. विक्रेत्याला शिंगाचा सोडून बाकीचे तीन घ्या म्हटलं, तर आता त्याला एकही नकोय.

सेल्युलॉइडवाला वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, पडवीत.

टीना बारीक दगडावर लावला, माळीबुवांनी सांगितलं तसा. वडील उजव्याच हाताचे. पण मी डावरा आहे, त्यामुळे काप तिरका जातोय. सरावाने जमेल का, की डावऱ्यासाठी वेगळाच घ्यावा लागेल?

दापोलीचा_माळी

सरावाने नाही जमणार, उगीच काड्या वाया घालवू नका. माझ्याकडे मुलाचा डावरा स्विस पडून आहे, तो शहरात गेल्यापासून कुणी वापरत नाही. अदलाबदल करायची का बघा. नाहीतर तुमचा राहू द्या तुमच्याकडे, माझा या हंगामापुरता घेऊन जा. दापोलीला याल तेव्हा निरोप टाका, येताना हापूसच्या चार काड्या आणा म्हणजे इथेच बसून काप शिकवतो.